काठोकाठ

गेटनं मला आत घेतलं नाही. कार्ड लावलं तर तांबडा दिवा लागला आणि यंत्रातून एक बारीक, कुचकट आवाज आला. मी कार्ड ओढणीला पुसून लावलं, उलटं करून लावलं, दाबून धरलं. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "ताई, जरा बाजूला होता का?" बाजूला. ही जागा नुसता खड्डा होती तेव्हापासून मी इथे येतेय, आणि ज्या खांबांना हे गेट लटकलंय ते खांब मीच क्रेननं वरून उतरवून ठेवलेत. पण मी तोंड मिटून बाजूला झाले, कारण त्या क्षणी उघडलं असतं तर बरं काही बाहेर पडलं नसतं. पहारेकरी नवा होता. त्यानं संगणकात बोट फिरवत फिरवत माझं नाव शोधलं आणि फार आनंदानं सांगितलं, "हां, तुम्ही रीएंट्रीत आहात. तुम्हाला पांढरा पास लागेल. सेफ्टीचे साहेब येईपर्यंत थांबा." मग त्यानं मला बसायला स्टूल दिलं. स्टुलाचा एक पाय आखूड होता. मी त्याच्यावर बसून डुगडुगत राहिले आणि गेटातून एकेक जण आत जाताना बघत राहिले.

या एका शब्दानं अकरा महिने माझा पिच्छा पुरवला होता. पहिल्यांदा तो ऐकला हॉस्पिटलच्या खाटेवर. डॉक्टरीणबाईंनी कागदावर बटाट्यासारखं हृदय काढलं आणि त्यात एक बाण काढला. म्हणाल्या, वीज इथून निघते, सगळीकडे फिरते, काम झालं की विझते. तुमच्याकडे जन्मापासून एक चोरवाट आहे. वीज विझायच्या ऐवजी त्या वाटेनं मागे वळते आणि पुन्हा आत शिरते. गोल गोल फिरत बसते. म्हणून दोनशे दहा ठोके. आम्ही याला रीएंट्री म्हणतो. मी विचारलं, "ती बाहेर का जात नाही?" बाई हसल्या. "आत यायला जमतंय, तर जाईल कशाला?" खरं सांगते, त्यानंतर मला त्या विजेबद्दल जरा आपुलकीच वाटायला लागली. मांडीतल्या शिरेतून तार घालून त्यांनी ती चोरवाट जाळली. मी जागी होते. छातीत आतून कुणीतरी इस्त्री टेकवल्यासारखं वाटलं, आणि मग इतकी शांतता झाली की मी घाबरले. सत्तेचाळीस वर्षं ती वाट माझ्यात होती आणि मला पत्ता नव्हता.

घरी आले तर मुलगी तोच शब्द घेऊन बसलेली. ती शिकते ते सगळं वर पाठवायचं आणि परत आणायचं शास्त्र आहे. आई वर चढून पोट भरते, मुलगी त्याच्याही वर बघते, असं आमच्या घरात चिडवतात. ती जेवताना पोळीचा तुकडा हवेत धरून सांगायची, यान परत येताना सगळा खेळ कोनाचा असतो. सरळ घुसलं तर जळून राख. फार तिरकं आलं तर हवेच्या थरावरून घसरून पुन्हा बाहेर. मी म्हटलं, मधला कोन कोण ठरवतं? ती म्हणाली, "आधीच ठरवलेला असतो, आई. आत शिरताना ठरवायला वेळच नसतो. आणि तू सरळ घुसणाऱ्यांतली आहेस, म्हणून सांगतेय." नवऱ्याला हे पटलं नाही. तो नाटकाच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट वाजवतो, म्हणजे खरं तर बहुतेक वेळ वाजवत नाही, मांडीवर ट्रम्पेट ठेवून मोजत बसतो. त्याच्या मते सगळी मेख तिथेच आहे. "तालाची चाळीस मापं गप्प राहायचं असतं ना, तेव्हा कान उघडे ठेवून मोजत राहायचं. मोजणं सुटलं की परत शिरायची जागा गेली." एकदा तो एक माप आधी शिरला होता. शांत प्रसंग, रंगमंचावर एक बाई पत्र वाचतेय आणि हा भोंगा. बारा वर्षं झाली, अजून कुणी मोठ्यानं शिंकलं की त्याचे कान लाल होतात. अशी आमची घरातली मंडळी. मी अकरा महिने मोजलं. भिंतीवर खुणा केल्या नाहीत एवढंच.

स्टुलावर बसल्या बसल्या मला मात्र मामा आठवला. मी नऊ वर्षांची होते. मामा चार वर्षांनी तुरुंगातून सुटणार होता, आणि त्याच्या आधी आठवडाभर एक बाई आमच्याकडे फाइल घेऊन आल्या होत्या. त्याला घरात घेणार का, झोपायला जागा कुठे, शेजारी काय म्हणतील, असं विचारून लिहून घेत होत्या. आईनं सगळ्याला हो म्हटलं. मग तो दिवस आला. दार उघडं होतं. आई आतून म्हणाली, ये. मामा आला नाही. पायरीवर बसला. आईनं पुन्हा बोलावलं, मला पाठवलं, चहा बाहेर नेऊन दिला. तो चहा प्यायला, कप धरून बसला. दीड तास. मी दाराच्या फटीतून त्याची मान बघत होते, नुकती हजामत केलेली, पांढरट, कुणा दुसऱ्याचीच वाटणारी. शेवटी आई ओल्या हातानं बाहेर आली आणि वैतागून म्हणाली, "अरे, या दाराचं बिजागर करकरतंय महिनाभर. बसलायस तर बघ की जरा." मामा लगेच उठला. कुठे आहे स्क्रू ड्रायव्हर, म्हणाला, आणि तो आणायला आत गेला. नंतर तो सहा वर्षं आमच्याकडे राहिला आणि घरातलं एकही दार कधी करकरलं नाही.

सेफ्टीचे साहेब आले. तिशीतला, सभ्य माणूस, हेल्मेटखाली केस चापून बसवलेला. त्यानं पांढरा पास दिला, डॉक्टरांचे कागद बघितले, रक्तदाब घेतला, आणि पंधरा ठिकाणी सह्या घेऊन म्हणाला, "माझ्याकडून तुम्ही मोकळ्या आहात, ताई. पण ते तुमचं बादलीचं काय ते…" तो कसानुसा हसला. बादली त्याच्या कुठल्याच नियमात नाही. ती आमची आहे. सहा महिन्यांहून जास्त खाली राहिलेला क्रेन ऑपरेटर परत आला की पहिला लोड बादलीचा. वीस लिटरची बादली काठोकाठ भरायची, हुकला बांधायची, बाराव्या मजल्याच्या वर न्यायची, अर्धा फेरा फिरवायची आणि जमिनीवर खडूनं काढलेल्या खुर्चीएवढ्या गोलात ठेवायची. गोलाभोवती कोरडं सिमेंट भुरभुरवलेलं असतं, म्हणजे थेंब पडला की कळतो. सांडलं, तर पुन्हा सहा आठवडे खाली. आणि कागद कितीही पांढरे असले तरी बादली सांडलेल्या ऑपरेटरच्या हुकला कुणी लोड बांधत नाही. हात मागे घेऊन नुसते उभे राहतात. मी ते एकदा पाहिलंय. त्या माणसानं दुपारी स्वतःच राजीनामा दिला.

बादलीशी मास्तर उभे होते. मास्तर म्हणजे गेल्या नऊ वर्षांपासूनचे माझे सिग्नलमन. खाली उभं राहून हातांनी खुणा करतात आणि वरून मी त्या खुणांवर चालते. कमरेला रेडिओ असतो, पण तो ते वापरत नाहीत. रेडिओत माणूस खोटं बोलतो, हाताला खोटं बोलता येत नाही, असं त्यांचं मत. सगळ्यांच्या खुणा सुधारत फिरतात म्हणून मास्तर. अकरा महिन्यांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. आज त्यांनी मला पाहिलं, मान हलवली, आणि डाव्या हातानं बादलीत मगानं पाणी ओतत राहिले. पूर्वी ते सगळं उजव्या हातानं करायचे. पाणी काठाला आलं, काठाच्या वर फुगलं, तरी ते थेंब थेंब घालतच होते. मी मनात म्हटलं, घाला. अजून घाला. समुद्र घाला. त्यांच्या पलीकडे पिवळ्या फितीबाहेर सुतार उभे होते, शटरिंगचे, म्हणजे काँक्रीटचे साचे ठोकणारे सगळे चौदा जण, हातात हातोड्या, काम थांबवून. माझी क्रेन फिरणार म्हणून ते बाहेर आले होते. त्यांचं चुकत नव्हतं.

चढायला लागले. मास्टच्या, म्हणजे क्रेनच्या उभ्या मनोऱ्याच्या आतून अकरा शिड्या, मध्ये मध्ये जाळीचे ओटे. पूर्वी मी एका दमात सात शिड्या जायची आणि ओट्यावर थांबणाऱ्यांची टर उडवायची. आज प्रत्येक ओट्यावर थांबले. लोखंडाला उन्हाचा वास होता, तळहाताला तोच जुना खरखरीतपणा. छाती धडधडत होती, पण सरळ, शिडी चढणाऱ्या बाईची धडधडावी तशी. चौथ्या ओट्यावर मला तो दिवस दिसायला लागला आणि मी त्याला हाकललं नाही. काँक्रीटची बकेट बाराव्या मजल्यावर, खांबाच्या शटरिंगपासून चार मीटरवर. तिथेच स्लॅबवर उभ्या मास्तरांचा हात: सावकाश, सावकाश. आणि छातीत पाखरू फडफडावं तसं काहीतरी उठलं. डोळ्यांपुढे कडा काळ्या झाल्या आणि मी काडीवरचा, क्रेन चालवायच्या दांड्यावरचा हात सोडला. हात सोडला की क्रेनला ब्रेक लागतो. क्रेन थांबते. लोड थांबत नाही. नवशिके हीच चूक करतात, लोड झुलला की घाबरून ब्रेक मारतात, आणि मी स्वतः वीस जणांना ओरडून शिकवलंय की लोड पुढे गेला तर त्याच्या मागे जा, त्याच्या डोक्यावर जाऊन उभे राहा, मग तो आपोआप गप्प होतो. बकेट गेली ती थेट शटरिंगवर. मास्तरांनी दोन सुतारांना ढकललं आणि स्वतः बकेटच्या तडाख्यात आले. गळपट्टीचं हाड दोन ठिकाणी मोडलं. मेलं कुणी नाही. अहवालात लिहिलं, ऑपरेटरला अचानक त्रास झाल्याने. अचानक. तो शब्द माझा नव्हता, पण मी तो खोडलाही नाही. कारण ते पाखरू तीन आठवडे आधीपासून उठत होतं. चारदा उठलं होतं. मी खोकायची, पाणी प्यायची, श्वास रोखून धरायची आणि कुणाला सांगायची नाही. सांगितलं असतं तर खाली उतरवलं असतं, आणि खाली मी कोण? खाली मी गुडघे दुखणारी, भाजीच्या रांगेत वाद घालणारी एक बाई. वर माझ्या बोटावर सहा टन फिरायचे. मला ते सोडवत नव्हतं. एवढंच खरं होतं, आणि ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

केबिनचं दार उघडलं तर आत पुदिन्याचा वास. माझ्या जागी आलेल्या पोरगेल्या ऑपरेटरनं खुर्ची इतकी मागे नेलेली की माझे पाय तरंगायला लागले. काचेला हसऱ्या तोंडाचा स्टिकर. मी खुर्ची पुढे ओढली, स्टिकर नखानं खरवडून काढला, वासाचं काही करता येत नव्हतं. मग काड्यांवर हात ठेवले. डावी काडी फिरवायची, उजवी उचलायची. हातांना कळलं. अकरा महिने हे हात भांडी विसळत होते, औषधांच्या गोळ्या मोजत होते, आणि आत कुठेतरी सगळं जसंच्या तसं ठेवून बसले होते. खाली शहर पसरलं होतं, गच्च्यांवरच्या टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, शाळेच्या मैदानावर ठिपके. वाऱ्याचा काटा चारवर. मास्तर बोटाएवढे. त्यांचा डावा हात वर गेला, तर्जनी फिरली: उचला.

उचललं. हलकं ओझं जास्त नाचतं, हे बाहेरच्यांना खरं वाटत नाही. सहा टन आपल्या वजनानं शहाणे असतात, वीस लिटर पाण्याला काही अक्कल नसते. दोरी ताठ झाली, बादली जमिनीवरून सुटली आणि मी श्वास हळू सोडला. चौथा मजला. आठवा. बारावा. पाणी वरून एखाद्या नाण्यासारखं चमकत होतं. डावी काडी केसभर ढकलली. क्रेनचा हात फिरायला लागला, बादली मागे रेंगाळली, मग पुढे आली, मी तिच्या मागे गेले, तिच्या डोक्यावर. गप्प झाली. मला हसू यायला लागलं, एकटीला, काचेच्या पेटीत. पाव फेरा झाला. त्याच जागेवरून जात होते, त्या खांबावरून, आणि छातीत एक ठोका उडाला.

एकच. पायरी आहे असं वाटावं आणि नसावी, तसा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, वर्षभर असा एखादा उडेल, त्याला अर्थ नाही. मला माहीत होतं त्याला अर्थ नाही. पाव फेरा उरला होता, दोन मिनिटांचं काम, कुणाला कळलं नसतं. ही तीच जागा होती, तेच गप्प बसणं, तोच मोह, आणि मी स्वतःला इतकी ओळखते की मला स्वतःची भीती वाटली. मी हात सोडला नाही. काडी हळूहळू मधोमध आणली, बादलीच्या मागे मागे जात तिला थांबवलं, पाण्यावर सुरकुतीही उठली नाही. मग रेडिओ दाबला. सगळ्यांच्या कमरेचे रेडिओ एकाच चॅनलवर असतात. म्हटलं, "मास्तर, थांबवलंय. छातीत एक ठोका उडाला."

खाली सगळे पुतळे झाले. मग सेफ्टीचे साहेब घाईघाईनं बोलायला लागले, "ताई, काही हरकत नाही, टेस्ट रद्द, तुम्ही शांतपणे बादली कुठेही…" आणि त्यांच्या बोलण्यात दुसराच आवाज शिरला, घोगरा, न वापरलेला. "साहेब, तुम्ही जरा गप्प बसा." मास्तरांच्या हातात रेडिओ होता. मी नऊ वर्षांत त्यांचा आवाज रेडिओवर ऐकला नव्हता. "बाई. नाडी मोजा. पूर्ण मिनिट."

मी उजव्या हातानं गळ्यावर बोट ठेवलं आणि घड्याळाकडे बघत मोजलं. बादली हवेत उभी होती. चौदा सुतार, साहेब, पहारेकरी, सगळे वर बघत उभे. साठ सेकंद इतके लांब असतात हे मला ठाऊक नव्हतं. "अठ्ठ्याहत्तर," मी म्हटलं. "सरळ चाललीय." आणि मग बटण सोडायच्या ऐवजी दाबूनच धरलं, कारण एकदा थांबले असते तर पुन्हा धीर झाला नसता. "मास्तर, तेव्हाही माहीत होतं मला. तीन आठवडे आधीपासून होत होतं. मी कुणाला सांगितलं नाही. अचानक वगैरे काही नव्हतं ते. तुमचं हाड माझ्यामुळे मोडलं."

मला खाली त्यांचा चेहरा दिसत नव्हता, फक्त पांढरं हेल्मेट. मग ते बोलले, आणि बोलताना दमल्यासारखे वाटले. "माहीत आहे. नऊ वर्षं तुमचा हात बघतोय. त्या तीन आठवड्यांत तुम्ही वळणावर सावकाश व्हायला लागला होता. तुम्ही कधी सावकाश होत नाही. मी म्हटलं, काहीतरी आहे. विचारेन उद्या, विचारेन उद्या. विचारलं नाही. रागही म्हणून धरला, की आधी तुम्ही बोलावं. तेव्हा अर्धं हाड माझं मीच मोडून घेतलंय. आता पाणी तापायला लागलं उन्हात. खाली घ्या."

माझे डोळे भरून आले आणि मी स्वतःला सणसणीत शिवी दिली, कारण ओल्या डोळ्यांनी खडूचा गोल दिसत नाही. बाहीनं पुसले. मास्तरांनी रेडिओ कमरेला अडकवला आणि डावा हात पुढे केला: फिरवा. फिरवलं. उरलेला पाव फेरा मी असा काढला की माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाही पोराला तसा कधी जमणार नाही, आणि हे मी गर्वानंच सांगतेय. त्यांचा हात, माझा हात, मध्ये साठ मीटर हवा, आणि कुणी कुणाला ओढत नव्हतं. बारावा, आठवा, चौथा. माणसाच्या उंचीवर थांबले. मास्तर आत आले, बादलीला दोन बोटं लावली, न ढकलता नुसती लावली, आणि तळहात खाली करत करत तिला जमिनीला टेकवलं. दोरी सैल पडली.

सगळे फितीवरून वाकून बघायला लागले. एक सुतार, सगळ्यांत म्हातारा, ज्याला मास्तरांनी त्या दिवशी ढकलून वाचवलं होतं, त्यानं सिमेंटकडे बोट दाखवलं. कुणाचा तरी रेडिओ चालू राहिला होता, मला वरून ऐकू आलं. "इथे ओलं दिसतंय. एक थेंब." मास्तर गुडघ्यावर बसले, त्या ठिपक्याकडे नीट बघितलं, आणि हेल्मेट काढून कपाळ पुसलं. "घाम आहे माझा," ते म्हणाले. म्हातारा सुतारही गुडघ्यावर बसला. बोट ओलं केलं, जिभेला लावलं, आणि गंभीरपणे सांगितलं, "खारट आहे." मग एकदम सगळे हसायला लागले, आणि मी वर, काचेवर डोकं टेकून, पोट धरून हसले, इतकी की छातीतलं सगळं हललं आणि तरी एकही ठोका उडाला नाही.

मास्तरांनी ती बादली काढली, हुकला काँक्रीटची बकेट अडकवली. साखळी ओढून बघितली, पुन्हा ओढून बघितली. मग पिवळ्या फितीकडे गेले आणि डाव्या हातानं ती वर उचलून धरली. मी काडीवर हात ठेवून बघत राहिले. नऊ वर्षांत बरेच अहवाल, बरीच पत्रं, एक पितळी ढालही मिळाली आहे, पण क्रेनवाल्याला खरं काय ते सुतारांच्या मानेवरून कळतं. ज्या ऑपरेटरचा भरवसा नसतो त्याच्या टप्प्यात काम करताना माणूस दर दोन मिनिटांनी वर बघतो. खिळ्यावर एक डोळा, आभाळावर एक. म्हातारा सुतार फितीखालून वाकून आत आला. त्याच्या मागे दुसरा, मग तिसरा. जिन्यानं चढत चढत स्लॅबवर आले, आपापल्या जागी बसले, तोंडात खिळे धरले, हातोड्या सुरू झाल्या. मास्तरांची तर्जनी फिरली आणि मी दोन टन काँक्रीट उचललं, त्यांच्या बाजूनं वर नेलं, त्यांच्या उजवीकडून वळवलं. बकेटची सावली त्यांच्या पाठींच्या शेजारून स्लॅबवर सरकत गेली. चौदा माणसं माना खाली घालून ठोकत होती, आणि एकानंही वर बघितलं नाही.